ठकुबाईची पानं

भोरच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर दीनानाथ १९३८ च्या उन्हाळ्यात डोंगरांची चित्रं काढायला पासलीला गेले, तेव्हा ठकुबाईने त्यांना आपली वही दाखवली. नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई. पानापानावर लुगड्याच्या चिंध्या, वाळकी पानं, पिसं खळीने चिकटवलेली आणि मधल्या जागेत गेरूचे ठिपके, नागमोडी वेली. एकसारखं पान एकही नाही.

"चार दिवसांत परत पाठवतो," मास्तर म्हणाले.

ती पानं उसवून त्यांनी आपल्या वहीत लावली, खाली सही ठोकली आणि वही पुण्याच्या एका प्रदर्शनात पाठवली. पदक मिळालं.

वही परत येईना, तेव्हा ठकुबाई दोन दिवस चालत भोरला आली. भरल्या वर्गासमोर मास्तर म्हणाले, "कसली वही? मी या बाईला ओळखत नाही."

ती मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, मग निघून गेली. घरी पोचली ती तापातच. आठवड्यात गेली.

श्रावणात मास्तर प्रदर्शनातून परत आलेल्या त्याच वहीत कमळ काढायला बसले. पाकळी वळायच्या जागी बोटं सरकली आणि ठिपका उमटला. मग दुसरा. हात आवरेना. पान काठोकाठ भरलं तेव्हाच टाक सुटला.

पुढे रोज तेच. हजेरीपटावर नावांऐवजी वेली उतरू लागल्या. स्वतःची सही होईना.

"अहो, बोटांतून रक्त येतंय. थांबा ना," पत्नी सरोज म्हणाली.

"थांबता आलं असतं तर थांबलो नसतो का?"

दिवाळीच्या सुट्टीत ते वही घेऊन पासलीला गेले. ठकुबाईची बहीण अंबूबाई अंगणात भात पाखडत होती.

"तिची पानं परत आणली आहेत," मास्तर म्हणाले.

अंबूबाईने हात पुढे केला नाही. "ती म्हनली, मास्तर येतील, वही घिऊ नगंस. आजून पानं राहिल्यात."

"कधी म्हणाली?"

"सकाळच्याला."

आणि ती पुन्हा पाखडू लागली.

उतरणीवर एका दगडाला टेकून मास्तरांनी वही उघडली.

भरलेली पानं संपली. कोरी सुरू झाली.

वही चाळीस पानांची होती. मास्तर डाव्या हाताने पानं उलटत राहिले.

ऊन कललं तरी कोरी पानं संपली नव्हती. उजवा हात खिशातला टाक चाचपत होता.