कडी न घातलेलं दार

बसा. चहा होतोय. घर विकलंत म्हणे मागच्या महिन्यात, आणि सगळं जिथल्या तिथे ठेवून आलात. चाव्यांचा जुडगा, विजेची बिलं, पंपवाल्याचा नंबर, पंखेसुद्धा काढले नाहीत. झकास केलंत. विहिरीच्या तिसऱ्या पायरीचं मात्र हसत सांगितलंत, हलते, पण आम्हाला सवय होती म्हणून. तर चहा उकळेपर्यंत एक गोष्ट ऐका. देवबागची. तिथला जुना घरमालकही असाच सगळं ठेवून गेला होता, आणि नवी घरमालकीण तीन तास काळोखात कोंडून पडली. बाहेरून कडी घातलेली नव्हती, आतून कडीच नव्हती, तरी दार बंद.

ही गोष्ट देवेशच्या बाजूनं सांगतो, कारण त्यात डोकं त्याचंच आपटलं.

देवेश कुडाळात रिक्षा चालवतो. बाजारात वरच्या मजल्यावर हमिदा मुकादम बसते, तिचा धंदा चौकशीचा. लग्नाआधीची चौकशी, जमिनीची चौकशी, एकदा तर हरवलेली म्हैस. देवेश तिला जिथेतिथे नेतो आणि सगळ्यांना सांगतो, आमी दोघा मिळून तपास करतो.

त्या दिवशी सकाळी सुदेश नावाचा माणूस आला. डोंबिवलीतली खोली विकून त्यानं आणि त्याच्या बायकोनं, शर्मिलानं, देवबागला जुनं घर घेतलं होतं. राहायला येऊन आठ दिवस नाही झाले, तर मंगळवारी तो मालवणला गेलेला असताना शर्मिला तांदळाचा डबा आणायला कोठीत गेली, म्हणजे पूर्वी भात साठवायचे त्या आतल्या खोलीत. मागं दार लागलं, ते लागलंच. फोन पडवीत चार्जिंगला. त्या बाजूला समुद्राची गाज, ओरडून कोणाला ऐकू जाणार? सुदेश दोन वाजता परतला तेव्हा तिचा आवाज बसलेला.

"कडी लोंबकाळत होती, बाय," सुदेश म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघलंय. आणि दार काय हलना. शेजारचो निलेश लोखंडी पारय घेवन इलो, तेव्हा उघडला."

गावात दोन बोलणी झाली. एक, जागेचा राखणदार, म्हणजे जागा राखणारं दैवत, कोपलं. दुसरं, निलेशलाच ते घर हवं होतं, पर्यटकांना खोल्या द्यायला, म्हणून त्यानं काहीतरी केलं. शर्मिला तीन दिवस पडवीत बसून होती. जेवण तिथे, झोप तिथे. उंबऱ्याच्या आत पाय नाही.

"ती उद्या भावाकडे जातंय म्हणता. गेली काय परत येवची नाय. डोंबिवलीची खोली विकलेली. ह्या घरात मी एकटो काय करू?"

हमिदानं पर्स उचलली. "देवेशा, रिक्षा काढ."

देवबागच्या पडवीत शर्मिला बाई सरळ बोलली. रडणं संपलेलं असतं ना, तसं. आधी वाटलं वाऱ्यानं लागलं. मग ओढायला गेली तर आतून धरायला काहीच नाही, नुसत्या फळ्या. नखं लावून बघितलं. हातभर झरोका, त्यातून उजेडाची एक पट्टी, ती जमिनीवरून सरकत भिंतीवर गेली. जुन्या भाताचा वास. हवा आहे की संपली तेच कळेना.

"दार लागताना काय ऐकलास?" हमिदानं विचारलं.

"डोक्यावर टक् असं वाजलं. एकदाच."

"वर कोण होता?"

"माळा आहे. माळ्यावर कोणी नव्हतं. तेच तर." तिनं घराकडे न बघता हात केला. "घर विकलं त्या गुरुदासभावजींना बोल लावत नाही मी. त्यांनी सगळं ठेवलं. कुठलं बटण कशाचं तो कागद भिंतीला चिकटवला. पाटासुद्धा ठेवला. वरवंटा तेवढा नाही. पाटा ठेवून नुसता वरवंटा कोण नेतं हो?"

देवेशला यात काही तपासण्यासारखं वाटलं नाही. तो कोठीकडे गेला. दार फणसाचं, जाड, आणि चौकट ठेंगणी. देवेश उंच. आत वाकून शिरताना चौकटीच्या वरच्या फळीतून बाहेर आलेला लाकडी खुंट त्याच्या टाळूला लागला. खुंट वर गेला, परत खाली आला. टक्.

तो डोकं धरून खाली बसला.

"लागला?" हमिदा म्हणाली.

"आवाज मोठो, मार वायच."

"असां कसा? लाकूड आपटला तर टेंगूळ येवक व्हया."

"म्हणजे माका टेंगूळ व्हया होता तुका?"

ती हसली नाही. वर बघितलं, मग खाली. दार सोडलं तर ते हळूहळू आपोआप बंद व्हायला लागलं, घराचा उतारच तसा. तिनं मधे पर्स टाकली. मग दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवलं. घोट्याच्या उंचीवर एक खोलगट घसट होती. तिच्यासमोर जमिनीवरचा लाल कोबा सगळीकडे विटलेला, पण वीतभर लांब एक तुकडा नव्यासारखा तुकतुकीत.

"हय काय होता?" तिनं सुदेशला विचारलं.

"काय नाय. आमी इलंव तेव्हा मोकळाच होता."

निलेश कुंपणापलीकडे होडीला रंग देत होता. त्यानं ब्रश खाली ठेवलाच नाही. घर मागितलं होतं, म्हणाला, उघड मागितलं होतं, गुरुदासनं दिलं नाही, विषय संपला.

"पण बाईमाणसाक कोंडणारो मी न्हय. माझ्या आवशीन माका पुरलो असतो."

"मगे दार तुझ्याच हातान कसा उघडला?"

"चौकटीच्या माथ्यार दोन घाव घातलंय. आपसूक गेला. लहानपणी ह्या घरात आमी लपाछपी खेळलंव, त्या कोठीत कोण कधी अडाकलो नाय. गुरुदासाची आई हौसाकाकी वरडायची ती एकाच गोष्टीन, दारातल्या दगडाक पाय लावू नको म्हणान."

देवेशनं रिक्षात बसताना निकाल दिला. ज्यानं उघडलं त्यानंच लावलं. हमिदा म्हणाली, ओरोसाक घे.

घर विकणारा गुरुदास ओरोसला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. घरात लगबग. मुलगी भक्ती बाळंतपणाला आलेली, रविवारी बारसं, पाळणा पुसून ठेवलेला. गुरुदासला मंगळवारचं कळलेलं होतं. त्यानं यादी काढली आणि कचेरीतल्यासारखी वाचून दाखवली. चाव्या नऊ. सात-बाऱ्याची नक्कल. विहिरीचा दोर नवा. "सगळं दिलं मी, मॅडम. आठवून आठवून दिलं. त्या दाराला काही दोष असता तर मला माहीत नसता का? जन्मलो तिथे."

कोपऱ्यात त्याची आई हौसाबाई टोपडं शिवत होती. एक शिवून झालेलं, दुसरं हातात. दुसरं जरा अरुंद.

"आजये, दोन कित्याक?" हमिदानं सहज विचारलं. "बाळ एकच मां?"

म्हातारीनं टोपडं पदराखाली घेतलं. भक्ती हसायला लागली होती, आजीचा चेहरा बघून गप्प झाली. देवेशला वाटलं, जुळं असेल, एक झोपलं असेल.

हमिदा खाली बसली आणि म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वायच देवबागाक जावन येवया. ता टोपडा घेवा. आणि ज्याका घालूचा तेका पण घेवा."

देवेशनं बाळासाठी रिक्षाचा पडदा खाली केला. पण हौसाबाई आली ती कापडी पिशवी घेऊन. जड होती. देवेशला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी पाच वाजता पडवीत सगळे, गुरुदाससुद्धा. शर्मिला तिच्या खांबाला टेकून. निलेश पायरीखाली उभा, कारण सुदेशनं त्याला बस म्हटलं नव्हतं.

"ह्या दार कोणी लावूक नाय," हमिदा म्हणाली. "ता आपल्याआपण लागता. भात चोरूक चोर शिरलो काय मागे दार सरकता, वरचो खुंट दाराच्या माथ्यातल्या भोकात पडता, आणि चोर सकाळपर्यंत आत. सापळो आसा तो. वर माळ्यार दोरी असतली, ती वढली काय खुंट उचालता. दोरी कधीच कुजान गेली. देवेशाच्या डोक्यान खुंट वर गेलो, म्हणान टेंगूळ इला नाय. निलेशाच्या पारयेन तोच उडालो, म्हणान दार सुटला."

"मग इतकी वर्षं?" गुरुदास पांढरा पडला होता.

"इतकी वर्षां दार पुरता लागूकच नाय. मधे दगड होतो. दाराक घसट पडली ती तेची, कोबो तुकतुकीत ऱ्हवलो तो तेच्या खाली. वीतभर, लांबट. घरात पाटो आसा आणि वरवंटो नाय. आणि टोपडी दोन." ती म्हातारीकडे वळली. "मी मुसलमानीण, पण शेजारच्या कितीतरी बारशांका गेलंय. बाळाआधी पाळण्याखालसून वरवंटो फिरवतत. टोपडा घालून, बाळासारखो."

हौसाबाईनं पिशवीतून दगड काढला. काळा, गुळगुळीत. मांडीवर घेतला.

"आमच्या घरातली बारा पोरा ह्याच्या पाठसून पाळण्यात गेली," ती म्हणाली. "नातीच्या पोराक नको? यादीत घातलो असतो तर ह्यो माझो झील गुरुदास म्हणालो असतो, दगड खंय नेतस. म्हणान पिशयेत घातलंय. सासून सांगितलेल्यान, ह्यो दारातसून हलवू नको. कित्याक, ता सांगूक नाय. मी पण विचारूक नाय. माका वाटला, आमी गेलंव, म्हणजे आमचो नेम पण गेलो." मग शर्मिलाकडे न बघता, "तुका मी कोंडलंय गो, बाय."

सुदेशनं सरकून निलेशला पायरीवर जागा केली. निलेश बसला नाही, करवत आणायला गेला. खुंट आत्ताच कापतो म्हणाला.

करवत आली तशी शर्मिला उठली. "थांबा," म्हणाली.

तिनं म्हातारीच्या मांडीवरून दगड घेतला, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. उंबरा ओलांडला. तीन दिवसांनी. देवेश तिच्यामागे गेला नाही, पण त्याला आपलाच श्वास ऐकू येत होता. तिनं दगड त्या तुकतुकीत जागी ठेवला, वाकली, कोठीत गेली. दार हळूहळू सरकलं, दगडाला टेकलं, थांबलं.

आतून पत्र्याचा आवाज आला. मंगळवारी जो आणायला गेली होती तो तांदळाचा डबा घेऊन ती बाहेर आली.

"आता कापा," म्हणाली. आणि हौसाबाईला, "बारसं रविवारी ना? इथेच करा. दगड इथलाच आहे."

बारसं तिथेच झालं. देवेश जेवून आला, टाळू चोळत सगळ्यांना सांगत होता, खुंट मीच शोधलो.

घ्या, चहा झाला. पण आधी एक काम करा माझं. खिशातला फोन काढा, तुमचं घर ज्यानं घेतलं त्याला लावा, आणि विहिरीची तिसरी पायरी हलते ते त्याला सांगा. चहा झाकून ठेवतो मी.