पुन्हा वाजव

मंजूषा गेली हे मला हॉस्पिटलमध्ये कळलं, तेव्हा तिची छत्री माझ्या हातात होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता तिला भेटता येईल ना? त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

छत्री आमच्या पहिल्या भेटीतली. दोन हजार चार साल, नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातला जुना बाजार, पाऊस. ही मुलगी छत्री स्वतःवर न धरता एका रेकॉर्डवर धरून उभी. मी मराठीत पुटपुटलो, बाई भिजतेय.

"बाई वाळेल," ती म्हणाली. "हे कव्हर नाही वाळायचं."

ती जुन्या ध्वनिमुद्रणांवर संशोधन करायची. कॉफी पिताना तिने त्या रेकॉर्डवरच्या गायिकेबद्दल सांगितलं. डेलिया किंतेरोस, अर्जेंटिनातल्या एका शिंप्याची मुलगी. चाळीसच्या दशकात ब्युनॉस आयर्सच्या रेडिओवर जॅझ गायला लागली. नाव झालं, पण माइकची भीती गेली नाही. सुरुवातीचे सूर वाजले की घसा बंद. मग पियानोवाला ओस्वाल्दो काही झालंच नाही असं दाखवून तीच सुरुवात पुन्हा वाजवायचा, आणि ती गायची. लोकांना ती तिची लकबच वाटायची. तिने त्याच्याशीच लग्न केलं. तो वारला, आणि ती परत कधी गायली नाही.

"मीपण भित्री आहे," मंजूषा म्हणाली. "लिफ्टलासुद्धा भिते."

"मग जिन्याने जाऊ."

"कुठे?"

मी नुसतंच वर बोट दाखवलं. ती हसली.

पुढच्या वसंतात ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्टेशनच्या फलाटावर मी विचारलं, लग्न करशील? ती नुसती रुळांकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवली.

"शिरीष... पुन्हा वाजव."

मी पुन्हा विचारलं. ती हो म्हणाली.

तीच आमची खूण झाली. विमानात, आणि तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशीही. ती बोटं टेकवायची, मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचो, आणि तिचा श्वास सुटायचा.

ऑपरेशनच्या सकाळी तिने छत्री माझ्याकडे दिली. मी म्हणालो, "मी इथेच आहे."

तिने दोन बोटं टेकवली. मी तोंड उघडलं, पण माझाच घसा बंद झाला. खाट आत गेली, दार मिटलं.

ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचं राहिलंय.