वकीलबाईंची फी

"वकीलबाईंची फी एवढी नाहीये, ताई."

भावजयीने आवाज जराही चढवला नव्हता. रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर खर्चाचा कागद पसरून ती उभी होती... आणि ताईच्या हातातली भांड्यांची पिशवी हातातच राहिली.

बाबांच्या मागे राहिलेलं घर विकायचं ठरल्यापासून सगळी धावपळ ताईनेच केली होती. भाऊ दूरच्या शहरात, एका शाळेत हिशेबनीस. त्याला रजा कुठून मिळणार? इस्पितळाच्या शिवणखोलीत दिवसभर चादरींना ठिगळं लावून झाली की ती कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या रांगेत जाऊन उभी राहायची. दलाली, थकलेली घरपट्टी, नकाशाची नक्कल, मुद्रांक... घर विकून पैसे येतात हे तिला ठाऊक होतं, पण विकायलाही इतके पैसे मोजावे लागतात हे कुणी सांगितलं नव्हतं! घर घेणाऱ्यांनी आगाऊ दिलेला बयाणा तिच्याच खात्यात जमा झाला होता आणि खर्चाचा कागदही तिच्याच अक्षरातला. त्यावर वकिलांच्या फीपुढे तिने घातलेला आकडा खऱ्या फीच्या पाचपट होता.

"पावती हवी होती म्हणून मी त्यांच्या कचेरीत फोन केला," भावजय म्हणाली. "तुमच्यावर संशय म्हणून नाही. पण मग बाकीचे पैसे गेले कुठे?"

ताई काय सांगणार होती?

दोन महिन्यांपूर्वी वकीलबाईंनी घराचे जुने कागद तपासले, तेव्हा घरावर बँकेचा बोजा निघाला होता. बाबांच्या नावाचं, वीस वर्षांपूर्वीचं कर्ज. वकीलबाईंनी अर्जाची नक्कल पुढे सरकवली आणि ताईची नजर खालच्या सहीवर थबकली. सही बाबांच्या नावाची होती, पण बाबांची नव्हती. ते वळण तिने ओळखलं, कारण त्या हाताला अक्षरं तिनेच गिरवायला शिकवली होती. भावाच्या हाताला! त्याच वर्षी तो मित्राबरोबर दुकान काढायला निघाला होता, मित्र पैसे घेऊन परागंदा झाला होता आणि चार महिन्यांनी काही न सांगता भाऊ नोकरीला लागला होता.

बोजा उतरल्याशिवाय घर विकता येत नव्हतं. ताईने बयाण्यातून कर्ज फेडलं आणि शेवटच्या वाटणीत ती रक्कम आपल्या हिश्श्यातून भरून काढायची असं मनाशी ठरवलं. पण तोवर बयाण्याचा हिशेब तर द्यायलाच हवा होता... म्हणून तिने फीचा आकडा फुगवला. वकीलबाईंनी बजावलं होतं, की मी माझ्या कागदावर खोटं लिहिणार नाही. तेव्हा ते खोटं ताईने आपल्या हाताने लिहिलं.

"माझ्या हिश्श्यातून वळते करून घ्या," ती कशीबशी म्हणाली. "माझं चुकलं."

भावजयीचा चेहरा पडला. तिला भांडण नको होतं, तिला उत्तर हवं होतं; आणि हे तर कबुलीसारखंच होतं.

उद्याच्या सहीसाठी रजा काढून आलेल्या, पलीकडच्या खोलीत पुस्तकं बांधत बसलेल्या भावाने सगळं ऐकलं होतं. तो दारात येऊन उभा राहिला. रागावला असता तर ताईने सोसलं असतं, पण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अडचण होती तर मागायचेस की गं, ताई. मी नाही म्हटलं असतं का?"

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं! जन्मात कुणाची सुई उचलली नव्हती तिने, आणि आज आपल्याच माणसांसमोर ती चोरासारखी उभी होती... तिने मान खाली घातली आणि पिशवीत भांडी भरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वकीलबाईंच्या कचेरीत जमले. घर घेणारं जोडपं एका बाजूला, हे तिघं दुसऱ्या बाजूला. भावजय ताईशेजारी बसली होती, पण मध्ये एक खुर्ची सोडून. चष्मा पुसून वकीलबाईंनी खरेदीखत वाचायला घेतलं. चतुःसीमा झाल्या, किंमत झाली, आणि मग त्यांनी पुढचं कलम वाचलं, की या घरावर अमुक तारखेच्या कर्जाचा बोजा होता, तो विकणाऱ्यांनी बयाण्याच्या रकमेतून पूर्ण फेडला असून आता घर निर्वेध आहे.

खरेदीखतात हे लिहावंच लागतं, हे ताईच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने घाबरून भावाकडे पाहिलं. त्याच्या हातातलं पेन थांबलं होतं. ती तारीख ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सही कर," ताई घाईघाईने म्हणाली. "त्यांना उशीर होतोय."

तिची नजर विनवत होती... गप्प राहा, कुणाला काही कळलेलं नाही! आणि खरंच, तो गप्प राहिला असता तर ते कर्ज कुणी काढलं हे कळलंही नसतं. भावजय कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, पण वीस वर्षांपूर्वी ती या घरात आलेलीच नव्हती.

भावाने सही केली. मग पेन खाली ठेवून तो वकीलबाईंना म्हणाला, "बोज्याची रक्कम माझ्या हिश्श्यातून कापा. सगळी." आणि बायकोकडे वळून, परक्या माणसांच्या देखत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ते कर्ज मी काढलं होतं. बाबांची सही करून. ताईने पैसे घेतलेले नाहीत, तिने माझं पाप झाकलं."

घर घेणारे गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले.

भावजय उठली आणि मधल्या मोकळ्या खुर्चीवर येऊन बसली. "काल मी तुम्हाला काय काय विचारलं..." एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तू हिशेब विचारलास," ताई म्हणाली. "तो विचारायलाच हवा होता. खोटं मी लिहिलं होतं."

सगळं आटोपून बाहेर आल्यावर भाऊ दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच बसला. ताई त्याच्याजवळ टेकली. तिच्याकडे न पाहता त्याने विचारलं, "बाबांना कळलं होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! आयुष्यभर ती त्याच्यासाठी तेच करत आली होती. पण बँकेतला कर्जखात्याचा उतारा तिने पाहिला होता. आणखी एक खोटं आता तिच्याच्याने बोलवेना.

"हो," ती म्हणाली. "जाईपर्यंत दर महिन्याला हप्ता भरत होते. ते गेल्यावर हप्ते थांबले आणि व्याज चढत गेलं."

"कधी बोलले नाहीत..."

"नाही. मलासुद्धा नाही."

भावाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. लोक जिना चढत-उतरत होते, बाजूने वळून पाहत होते. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. भावजय वरच्या पायरीवर थांबून राहिली होती. मग तीही खाली आली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. त्याला उठवायची घाई दोघींपैकी कुणीच केली नाही.