लाल दिव्याखालचे खरे

यासीन खरे बोलला आणि लाल दिवा लागला. मुक्ता खोटे बोलली आणि हिरवा लागला. चंद्रावरच्या शीतलवाडीत या कोड्याने कुणाचीही झोप उडाली नाही. कारण हे कोडे आहे, एवढे ज्यांना ठाऊक होते त्यांतला एक बोलून थकला होता आणि दुसरी गप्प होती.

घडले होते ते क्षणभराचे. वस्तीच्या काचघरातल्या हापूसला पहिला मोहर आला होता. मुक्ता नुकतीच रत्नागिरीहून आजोबांकडे राहायला आली होती. मोहराचा वास घेण्यासाठी तिने घरच्या सवयीने उडी मारली. चंद्राचे गुरुत्व (वस्तूला खाली ओढणारे बल) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकेच. ती पाखरासारखी वर गेली, वेग आवरेना म्हणून तिने मोहराची डहाळी धरली, आणि डहाळी मोडून तिच्या हातात आली. तिने ती ओल्या रुमालात गुंडाळून लपवली.

शीतलवाडीचा श्वास झाडांवर चालतो. झाड मोडून जो लपवतो, त्याला वर्षभर काचघर बंद. त्या सकाळी आत दोघेच गेले होते: मुक्ता, आणि पाणी घालण्याची पाळी असलेला यासीन. आजोबांनी, म्हणजे डॉ. विद्याधर पेंडसे यांनी, बनवलेल्या सत्यमापकाने निकाल दिला. यासीनचे काचघर बंद झाले.

सभागृहातून बाहेर पडताना तो हळूच म्हणाला, "आत आपण दोघंच होतो, मुक्ता. दोनातून एक वजा केला की काय उरतं, ते मला कळतं."

तिने खिडकीकडे तोंड फिरवले. तिथे पृथ्वी होती. या वस्तीच्या आकाशात पृथ्वी कधी मावळत नाही. त्या निळ्या नजरेआड व्हायला जागाच नव्हती.

संध्याकाळी आजोबा चहा गाळत होते. तिने विचारले, "आजोबा, तुमच्या यंत्राला फसवता येतं?"

"त्याला खोटं ऐकूच येत नाही गं," आजोबा हसले. "ते तीन गोष्टी मोजतं. नाडी, श्वास आणि तळहाताचा घाम. घामाने त्वचेतून वीज जरा सहज वाहते, ती टिपायची. आधी तुलना-प्रश्न (ज्याने कुणीही थोडा बावरेल असा प्रश्न) विचारायचा: कधी कुणाशी खोटं बोललीस का? मग खरा प्रश्न: डहाळी तू मोडलीस का? दुसऱ्या वेळी शरीर जास्त खळबळलं, तर लाल."

"पण खरं बोलणाराच घाबरला असेल तर?"

आजोबांचा हात थबकला. "तरी लाल. चार वर्षं ज्या झाडाला पाणी घातलं, त्याचं नाव काढताच कुणाचंही काळीज..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

"आणि तुलना-प्रश्नाच्या वेळी मुद्दाम जीभ चावली तर?"

"तर तिथे आलेख उंच चढेल, आणि खऱ्या प्रश्नाचा त्याच्यापुढे ठेंगणा दिसेल. दरवेळी साधेलच असं नाही, पण साधतं." आजोबांचा आवाज उतरत गेला. "हे मीच तुला सांगितलं होतं. फुशारकीनं."

मुक्ताने तोंड उघडले. जिभेच्या कडेला दातांची खूण होती.

आजोबांनी गाळणी खाली ठेवली. "तू त्याला एकदा फसवलंस," ते म्हणाले. "मी सगळ्या वस्तीला फसवत आलो. ते भीती मोजतं. मी त्याला सत्य मोजणारं म्हटलं."

सकाळी सभागृहात मुक्ता स्वतः त्या खुर्चीत बसली. पट्टे बांधले गेले. यासीन मागच्या रांगेत होता. तिचे कान तापले, तळहात भिजले. तुलना-प्रश्न झाला. मग वस्तीप्रमुख लीनाताईंनी विचारले, "डहाळी कुणी मोडली?"

"मी."

लाल दिवा लागला.

कुजबुज उठली. "मैत्रीण आहे ना, त्याला वाचवतेय," कुणीतरी म्हणाले. लीनाताईही मायेने म्हणाल्या, "बाळा, यंत्र नाही म्हणतंय."

आयुष्यात पहिल्यांदा इतके खरे बोलावे, आणि लाजेने धडधडणाऱ्या काळजानेच ते खोटे ठरवावे! काल यासीन याच खुर्चीत असा एकटा बसला होता. ते तिला आज कळले, सगळ्या अंगाने कळले. तिने खिशातून ओला रुमाल काढून उलगडला. आत डहाळी होती, कोमेजलेल्या मोहरासकट.

आता दिव्याकडे कुणी पाहत नव्हते.

आजोबा उठले. "हा पुरावा," ते म्हणाले. "यापुढे आधी हा शोधायचा. आणि यासीन, तुझी माफी मुक्ताइतकीच मीही मागतो." त्यांनी यंत्राची तार काढली. 'सत्यमापक' ही पाटी उतरवून ते खाली बसले, तेव्हा ती त्यांनी मांडीवर उलटी ठेवली होती.

यासीन पुढे आला. मुक्ताकडे न पाहता त्याने डहाळी घेतली, नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवे होते.

"मोहर गेला," तो म्हणाला. "पण खालचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) जिवंत आहेत. कलम (एका रोपावर दुसऱ्याची फांदी जोडणे) धरेल कदाचित. अब्बांना विचारतो."

"मी धरू शकते रोप, तू बांधताना..."

"तुला वर्षभर बंदी आहे," यासीन म्हणाला. "आणि तू उड्या मारतेस."

कुणीतरी हसले. मुक्ताने मान खाली घातली. बंदी तिची होती, ती तिला हवीही होती.

त्या दिवसापासून ती रोज काचेबाहेर उभी राहू लागली. आत यासीन पाणी घालत फिरे. कलमाची कुंडी दूर, पार पलीकडच्या कोपऱ्यात होती. तिला फक्त कलमावर बांधलेल्या पट्टीचे पांढरे टोक दिसे.

मग एका सकाळी कुंडी काचेला लागून होती. पट्टीच्या वर एक तांबूस कोंब फुटला होता, नखाएवढा. यासीन पाठमोरा, दुसऱ्या वाफ्यात वाकलेला.

मुक्ताने काचेवर हात टेकला. तळहात ओला होता. तो मोजायला तिथे आता कुणी नव्हते.