सबनिसांचे कुलूप

कांबळगडाच्या पूर्वकड्यावर पहाटेचा पांढुरका उजेड उतरत होता आणि खालच्या दरीतले धुके अजून हलले नव्हते, अशा वेळी हवालदार सुभानजी ढमाले यांना उघड्या पडलेल्या बुरुजातून गनिमाची माणसे आत चढताना दिसली.

गडाची रीत अशी की हवालदार, सबनीस आणि कारखानीस तिघेही बरोबरीचे. एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालायचा नाही. फितुरी होऊ नये म्हणून हुजुरांनी घातलेली ही घडी चांगलीच होती, पण तिच्यापायी गडावर कुणी कुणाला विचारीनासे झाले होते. कारखानीस रखमाजी अनंत यांनी पावसाळ्याआधी नव्याने बांधायचा म्हणून पूर्वेचा बुरूज आदल्याच दिवशी उतरवला. मुख्य दरवाज्यावर हल्ला होणार अशी बातमी लागताच सुभानजींनी त्याच बुरुजाचा पहारा उठवून दरवाज्यावर नेला. आणि सबनीस त्रिंबकपंत बांधकामाला बिगारी जमवायला पायथ्याच्या गावी उतरले, ते दारूखान्याची आपली किल्ली कमरेला लावूनच. तिघांनीही आपापले काम चोख केले होते!

सुभानजी तलवार उपसून धावले. पहिल्याच झटापटीत त्यांचे चौघे पडले. एकाचा हात खांद्यापासून तुटला, तरी तो डाव्या हाताने दगड मारीत राहिला. दरवाज्यावरची शिबंदी धावून आली, पण घटकाभरात बंदुकांची दारू संपली. दारूखान्याला तिघांची तीन कुलपे. दोन उघडली. तिसरे सबनिसांचे होते.

सुभानजींनी कुऱ्हाड उचलली.

"हवालदार, दुसऱ्याचं कुलूप फोडणाराला कडेलोट आहे," रखमाजी म्हणाले.

"ठाऊक आहे. आपण दूर व्हावं, म्हणजे दोष एकट्या माझ्यावर येईल."

"दूर कसला होतो? बुरूज उतरवताना आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही मी."

"पहारा उठवताना मी तरी कुठं विचारलं आपल्याला!"

तिसऱ्या घावाला कुलूप तुटले. रखमाजींनी दारूचे दोन बुधले काखेत मारले, पेटता काकडा घेतला आणि ते थेट खिंडाराकडे निघाले. "लोक मागे घ्या!" एवढेच ते ओरडले. सुभानजींनी हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही. बार उडाला तसे गनीम दगडांसकट कड्याखाली गेले. जे आत उरले होते ते कापले गेले. रखमाजींच्या देहातले दहनापुरतेही काही हाती लागले नाही, आणि सुभानजी सर्वांदेखत ढसढसा रडले.

आठव्या दिवशी हुजुरांचे पत्र आले. गड राखला म्हणून कडेलोट माफ, कुलूप फोडले म्हणून हवालदारी दूर. त्रिंबकपंतांनी ते वाचून दाखवले खरे, पण त्यांना मान वर करवेना.

नव्या हवालदाराच्या हाती किल्ल्या देऊन सुभानजी निघाले, तो पश्चिमेच्या तटावर गवंडी चढलेले दिसले.

"तट कधी उतरवणार?" त्यांनी विचारले.

"नवे कारखानीस जाणोत," नवा हवालदार म्हणाला. "आपला काय संबंध?"

सुभानजींनी त्याचे मनगट धरले आणि साऱ्या शिबंदीदेखत त्याला कारखानिसांच्या दारापर्यंत फरफटत नेले.

"विचारा!" ते गरजले. "माझ्यासमोर विचारा!"