हॅरिएटची कोरी जागा

त्या दिवशी मी अक्षरशः हवेत होते. साल त्र्याऐंशी, ऑक्टोबर. शिकागोतल्या एका लहान संग्रहालयात मी कागदावरच्या जुन्या चित्रांची डागडुजी शिकत होते, आणि हॅरिएट हॅलिडेचं हरवलेलं निसर्गचित्र सापडल्याचा फोन नेमका मीच उचलला होता!

हॅरिएट ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लिश चित्रकर्ती. इंग्लंडहून दोन भावांबरोबर विस्कॉन्सिनला आली आणि मिशिगन सरोवराच्या काठी राहून जलरंगात पाणी, आकाश, धुकं रंगवत राहिली. तिची फार थोडी चित्रं उरलीत. हे चित्र तिच्याच घरात, थोरल्या भावाच्या नातीकडे, मिस हॅलिडेंकडे होतं.

तिकडे जाताना गाडी माझा नवरा दिगंबर चालवत होता. मूळचा नागपूरचा, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता, चित्रांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"एवढी एक्साइट होऊ नकोस यार," तो म्हणाला. "कॅलेंडरवरचं निघालं तर?"

"तर परतीच्या वाटेवर मी गाणी म्हणेन."

"नको, मग ओरिजिनलच असू दे!"

मिस हॅलिडे ऐंशीच्या घरातल्या, काटकुळ्या. आम्हाला पुढच्या खोलीत बसवून त्या चहा करायला आत गेल्या. शेकोटी पेटलेली होती. खिडकीखालच्या टेबलावर चित्र होतं.

मी भिंग लावलं आणि जागच्या जागी उडीच मारली. आनंदानं! ते तिचंच होतं. राखाडी लाटा, सरोवरावरून सरकत येणारं धुकं, होडीजवळ उभा असलेला बोटाच्या पेराएवढा तरुण. त्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा दिसत होती. फक्त उजवीकडे, एका खडकावर, माणसाच्या आकाराची जागा कोरी होती.

"हे राहिलंय की काय?" दिगंबरनं विचारलं. मग खिडकीतून पाहून तो ओरडलाच, "अगं शरयू, तो बघ, तोच खडक! मी तिथे उभा राहतो, तू इथून जुळतंय का बघ."

"जा, पळ!" मी म्हणाले. मला कोण आनंद झाला होता.

तो लाल मफलर गुंडाळून उतारावरून धावत गेला. मी रंगाची परीक्षा करायला पिशवीतून वाडगी काढली, तिच्यात पाणी ओतलं. ओल्या कापसानं चित्राची एक कड अलगद टिपायची, रंग सुटतो का पाहायचं, एवढंच काम. बोळा भिजवायला हात पुढे केला, तेवढ्यात…

टिंग.

वाडगीच्या काठावर कुणी कुंचला झटकावा तसा आवाज. टिंग… टिंग… मी वाडगीला हात लावलेला नव्हता. पाण्यात एक तांबूस वळसा उठला, पसरला. खोलीत ओल्या कागदाचा, डिंकाचा दर्प भरला.

मी चित्राकडे पाहिलं. कोऱ्या जागेत लाल रंगाचा ओला ठिपका होता. माझ्या डोळ्यांदेखत तो लांबला. मफलर झाला.

खिडकीबाहेर दिगंबर खडकावर उभा होता, एक हात वर केलेला. सोसाट्याचा वारा सुटला होता, काठचं गवत जमिनीला टेकत होतं. त्याचा मफलर मात्र हलत नव्हता. तोही हलत नव्हता.

मागे कपबशा खळखळल्या. ट्रे हातात घेऊन मिस हॅलिडे दारात उभ्या होत्या.

"पाणी…" त्या पुटपुटल्या. "तू हॅरिएटपुढे पाणी ठेवलंस?"

"काय होतंय हे?"

"तो होडीजवळचा मुलगा… अल्बर्ट. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. तिनं त्याला चित्रात पूर्ण केलं, आणि तो पुन्हा घरी आला नाही." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "वाळू देऊ नकोस, पोरी… वाळलं की संपलं…"

ओला रंग टिपता येतो! तेवढं एकच मला सुचलं. मी टिपकागद ओढला आणि त्या जागेवर दाबला. लाल रंग वर आला. उचलला, तर खाली हनुवटी उमटलेली, डोळे उमटत होते. दुसरा कागद. पुन्हा दाबला. तेव्हा कागदाखालून काहीतरी सरकलं. बारीक, ओलं, बर्फासारखं गार. कुंचल्याचे केस माझ्या बोटांच्या मधून वाट काढत होते.

मी किंचाळले असेन. डाव्या हातानं वाडगी उचलली आणि पाणी शेकोटीत भिरकावलं. फस्सकन वाफ उठली. बोटांखालची हालचाल थांबली. कागद उचलला, तर जागा कोरी होती.

बाहेर दिगंबरचा हात खाली आला. मी धावत सुटले आणि उतारावरच त्याला घट्ट मिठी मारली.

"अगं, काय झालं? जुळलं का?" तो हसत होता. "आणि इतका वेळ 'हलू नकोस' काय म्हणत होतीस? तेही इंग्लिशमध्ये, कानाशी येऊन?"

आम्ही चित्र आणलं नाही. ती कुणाची तरी नक्कल आहे, असं मी संग्रहालयात सांगितलं. मला वाटलं, मी त्याला वाचवलं. त्या संध्याकाळी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून तो शिट्टी वाजवत होता, आणि मला आनंदानं रडू फुटत होतं.

घरी आल्यावर त्यानं तोंड धुतलं. पांढऱ्या टॉवेलवर फिकट गव्हाळ डाग पडला. प्रवासाची धूळ असेल, म्हणून मी तो धुवायला टाकला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसाच डाग, अगदी त्याच्या कातडीच्या रंगाचा.

आता आमच्या घरी सगळे टॉवेल गडद निळे आहेत. पाऊस आला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला घरात थांबवते. तो कधी विचारत नाही.

परवा आमची मुलगी सुनेत्रा लग्नाचा अल्बम घेऊन बसली होती. फोटोवर बोट ठेवून तिनं वर पाहिलं.

"मॉम, डॅडच्या गालावर इथे तीळ होता?" ती म्हणाली. "मग तो गेला कुठे?"