न कापलेलं प्रकरण

त्या रविवारी दुपारी दातांचे डॉक्टर एका बाईंच्या घरी पुस्तक बघायला गेले. जुन्या रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाईंचे यजमान न्यायाधीश होते, नुकतेच खोकल्याच्या दुखण्याने वारले होते. त्यांच्या कपाटात डॉक्टरांना हवं ते सापडलं. पिवळा पडलेला जुना कागद, मूळ वेष्टन आणि शेवटच्या प्रकरणाची पानं छापखान्यातून आली तशीच, कडेने जोडलेली, न कापलेली!

"घेऊन जा," बाई दारातूनच म्हणाल्या. खोलीत त्यांनी पाऊलही टाकलं नाही. "फक्त परत आणू नका."

संध्याकाळी डॉक्टर स्वयंपाकघरात हात धूत होते. अभ्यासिकेतून खोकल्याच्या औषधाचा उग्र वास आला. मग पान उलटल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा...

"तुम्ही इथे?" मागून बायको म्हणाली. "मग आत कोण वाचतंय?"

सकाळी ते बाईंकडे धावले. बाईंनी दार जेमतेम किलकिलं केलं.

"हे गेले तेव्हा शेवटचं प्रकरण राहिलं होतं, डॉक्टर. गेल्यावरही रोज मागे लागायचे, वाचून दाखव... वाचून दाखव... मला वाचायचा कंटाळा, म्हणून मी वाचले."

दार लागलं. डॉक्टर धापा टाकत घरी आले, तर अभ्यासिकेत बायको बसलेली. तिने पानं कापली होती आणि समोरच्या रिकाम्या आरामखुर्चीला मोठ्याने वाचून दाखवत होती.

"अगं, थांब!"

तिने शेवटचं पान संपवलं, आणि लगेच पहिलं उघडलं.

डॉक्टरांनी पुस्तक हिसकावून जाळलं. ती रिकाम्या हातांनी तसंच पुढे म्हणत राहिली. वैद्य झाले, शहरातले मोठे डॉक्टर तपासून गेले, मेहुणी येऊन रडून गेली. दोन घास भरवायचे, तोंड पुसायचं, यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही. तिचा आवाज दिवसेंदिवस फाटत चालला.

आणि एका संध्याकाळी ती वाक्याच्या मध्येच थांबली. खुर्चीकडे कान देऊन तिने काहीतरी ऐकलं. मग कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो... मी म्हटलं त्यांना, दमले. ते म्हणतात, मग डॉक्टर आहेत की."

'नाही' म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते तिचं राहिलेलं अर्धं वाक्य.

रिकामी खुर्ची कुरकुरली. कुणी नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकून बसावं, तशी.